चैत्रातलं लग्न, माघातलं बारसं

गेल्या वर्षी पाडव्याच्या रविवारी, सकाळी अकराच्या सुमारास, अमेरिकेत, वेस्ट विंडसरमधल्या आमच्या घरी एका इंग्रज जोडप्याच्या लग्नाचा तिढा सुटला. जोडपं तीनशे वर्षांपूर्वीचं होतं.

तिढा शेजारच्या बाईंचा. वय ऐंशीच्या पुढे, आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेलं. त्यांचे पूर्वज इंग्लंडमधल्या एका बाजाराच्या गावचे. तिथे अजूनही दर मंगळवारी चौकात बाजार भरतो. चौकाच्या एका टोकाला लोकरीच्या व्यापाऱ्यांनी बांधलेलं उंच मनोऱ्याचं चर्च, दुसऱ्या टोकाला त्याहून जुनं, बुटकं. या बुटक्या चर्चच्या नोंदवहीत बाईंना आपली माणसं सापडली होती. मे महिन्याचं तिकीटही काढलं होतं.

त्या आल्या तेव्हा मी घरामागच्या लाकडी डेकच्या कठड्याला गुढी बांधत होतो. त्यांच्या हातात नोंदींचे प्रिंट होते.

"तिकीट कॅन्सल करतेय. ही माणसं माझी नाहीत."

लग्न एप्रिलमध्ये, मुलाचा बाप्तिस्मा फेब्रुवारीत, साल एकच. म्हणजे मूल लग्नाच्या दोन महिने आधीचं. पण बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईला पत्नी म्हटलेलं. तेव्हा हे जोडपं दुसरंच कुणीतरी, असा त्यांचा हिशेब.

"बारसं आधी, वरात मागून!" चक्का फेटता फेटता बायको मला मराठीत म्हणाली.

बाई गुढीकडे बघत होत्या. "हा बांबू कशाला?"

"आज आमचं नवं वर्ष," बायकोने इंग्रजीत सांगितलं.

"मार्चच्या शेवटी?"

"हो. आमचा फेब्रुवारी वर्षाच्या शेवटी येतो. माघ म्हणतो आम्ही." तिचा हात थांबला. ती माझ्याकडे वळली. "अरे, त्यांचंही तसंच असलं तर? चैत्रात लग्न, माघात बारसं. साल एकच!"

मी ते बाईंना सांगितलं. पुढचं वाक्य पुरं होण्याआधी त्यांनी आमच्या लॅपटॉपवर अख्खी नोंदवही उघडली होती. तिघं उभ्यानेच वाचत होतो. डिसेंबर. पान उलटलं. जानेवारी, साल तेच. फेब्रुवारी, साल तेच.

"पुढे चला, पुढे!" बायको ओरडली.

पंचवीस मार्चच्या नोंदीवर, ओळीच्या मधोमध, मोठ्या अक्षरांत पुढचं साल लिहिलेलं होतं.

"दहा महिने!" बाईंनी टेबलावर थाप मारली. "एप्रिल ते फेब्रुवारी, पूर्ण दहा! चाळीस वर्षं मी पोरांना मोजायला शिकवलं!"

"आता तरी बसा," बायको म्हणाली आणि वाटी पुढे केली. बाईंनी श्रीखंड दोनदा मागून घेतलं.

इंग्लंडमध्ये त्या काळी साल पंचवीस मार्चला बदलत असे, हे मी दुपारी तपासून घेतलं.

तिकीट कॅन्सल झालं नाही. मे महिन्यातल्या एका मंगळवारी बाईंचा फोटो आला. बुटक्या चर्चमधलं बाप्तिस्म्याचं दगडी कुंड, त्याच्या काठावर त्यांचा हात, आणि मागच्या उघड्या दारातून दिसणारा बाजार.