लेकरू पायाळू आहे

आधीच सांगून टाकतो, या असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही. असे अनुभव मी रोज वाचतो, पण ते झोप लागत नाही म्हणून... आणि झोप लागत नाही ती ॲसिडिटीमुळे, भुतांमुळे नव्हे. भंडाऱ्याच्या एका शाळेत मी विज्ञान शिकवतो. लिंबू कापून त्यातून 'रक्त' काढायचा प्रयोग दरवर्षी मीच करून दाखवतो आणि त्यामागचं रसायनही मीच सांगतो. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच थोडी लाज वाटते आहे. पण जे झालं ते माझ्या डोळ्यांसमोर झालं, भर दिवसा, साडेदहाच्या उन्हात. चष्मा लावलेला होता. बीपीची गोळीही घेतलेली होती.

वय चौपन्न. माझा उजवा गुडघा जिना उतरताना असा वाजतो की खालच्या मजल्यावरचे लोक मी पोचायच्या आत दार उघडून ठेवतात. उजवा खांदाही वर जात नाही, त्यामुळे फळ्याच्या वरच्या अर्ध्या भागात मी गेली दोन वर्षं काही लिहिलेलं नाही. हे सांगायचं कारण असं, की पुढे जो चमत्कारी पुरुष येणार आहे तो मीच आहे, आणि त्याची प्रकृती कशी होती ते वाचकांना माहीत असलेलं बरं.

मी पायाळू. म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी पाय आधी आलेला. अशा माणसाने पाय लावला की पाठीत भरलेली चमक उतरते, असं आमच्याकडे मानतात. पवनी तालुक्यातलं अड्याळ हे माझं गाव. लहानपणी तिथे माझ्या पायाला जेवढा मान होता तेवढा पुढे माझ्या डोक्याला कधी मिळाला नाही. धानाच्या रोवणीच्या दिवसांत तर सकाळी दात घासायच्या आधी कोणीतरी सपरीत, म्हणजे आमच्या पुढच्या पडवीत, पालथं पडलेलं असायचं. "रवी, लाव गा पाय." मी तीन वेळा पाय लावायचो आणि मुरमुऱ्याचा लाडू घेऊन घरात पळायचो. माझ्याहून तीन वर्षांनी मोठी शकूताई दारात उभी राहून बघायची. तिला लाडू नसायचा. मी तिच्यासमोर मुद्दाम हळूहळू खायचो, हेही कबूल करतो.

पुढे बी.एस्सी. झालो आणि पाय लावणं बंद केलं. लोकांनीही बोलावणं सोडलं. गावात मलम आलं होतं.

आता मूळ गोष्ट. मागच्या दिवाळीनंतर, हलका, लवकर पिकणारा धान कापणीला आलेला असताना, माय सकाळी अंगणात सडा टाकायला वाकली आणि बादलीसकट तिथेच राहिली. माझी माय अठ्ठ्याहत्तर वर्षांची. अड्याळच्या घरी एकटीच राहते, भंडाऱ्याला चल म्हटलं की "तिथं मले कोन वळखते" म्हणते. शेजाऱ्यांनी तिला उचलून खाटेवर ठेवलं. आम्ही तिला भंडाऱ्याला नेलं, फोटो काढले. डॉक्टर चांगले होते, शांतपणे समजावून सांगितलं. फ्रॅक्चर नाही. मणके झिजलेत, ते वयाने. लचक आहे, ती उतरेल. "पण यांना पडून राहू देऊ नका," ते म्हणाले. "या वयात तीन आठवडे खाटेवर काढले की पायातलं बळ जातं. मग उठायचं म्हटलं तरी उठता येत नाही."

हट्टाने ती अड्याळलाच परत गेली. मी आणि माझी बायको सुनंदा रजा टाकून तिथे राहिलो. गोळ्या, मलम, गरम पाण्याची पिशवी, पट्टा, सगळं झालं. पण उठवायला गेलं की माय पाठीत चमक येण्याआधीच ओरडायची. दुखण्यापेक्षा भीती मोठी झाली होती. अठराव्या दिवशी माझ्या लक्षात आलं की ती जेवत नाहीये. अर्धी वाटी भात, तोही चिवडत.

"माय, काहून जेवत नाही वो?"

"खाल्लं का परसाकडं जा लागते," ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली. "सून भांडं ठेवते, काढते. मले लाज वाटते, बापा."

सुनंदा दारात होती. ती आत जाऊन उगाच भांडी घासत बसली. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, ही आता उठणार नाही. ती ठरवूनच उठणार नाही.

रोज एकच पालुपद तिने लावलं होतं. "तू पायाळू हायेस ना गा. लाव ना एकडाव पाय."

"माय, मी सायन्सचा मास्तर हावो."

"मंग सायन्सवाला पाय लाव."

आईच्या पाठीला पाय लावायचा ही कल्पनाच मला नको वाटत होती. लहानपणी गावाला लावला ते वेगळं. शिवाय उद्या शाळेत कळलं तर? शेवटी एकोणिसाव्या दिवशी, रविवार होता, सुनंदाच तडकली.

"लावा ना जी एकदाचा! तुमच्या सायन्सनं तरी काय दिवे लावले? तिचं मन राहील. मन राहिलं तर घासभर खाईल."

हे मला पटलं. त्याला प्लासिबो म्हणतात, ते मी शिकवतोही. म्हणून तयार झालो... विज्ञानाची इभ्रत राखून.

माय कुशीवर, पाठ माझ्याकडे. उभं राहून पाय तेवढ्या उंच जाईना, गुडघा जागीच वाजला. मग खाटेला लागून प्लास्टिकची खुर्ची ठेवली, मी बसलो आणि दोन्ही हातांनी स्वतःची पोटरी धरून पाय उचलला, जसं कोणी जड पोतं उचलतं. सुनंदा पदर तोंडाला लावून हसत होती. टाचेला भेगा असल्याने मी पायमोजे घालतो, तेही काढले नव्हते. जाड, राखाडी, कोरडे मोजे. हे नीट लक्षात ठेवा.

एकदा टेकवला. दुसऱ्यांदा टेकवला. तिसऱ्यांदा टेकवला आणि तिने मान वळवली.

"शकू आली का?"

"नाही, माय. ताई तुमसरले हाय. मीच हावो."

"हा तुया पाय नोहे. ओला हाय. लहान हाय." मग तिने श्वास ओढला. "निरगुडीचा वास येऊन राहिला."

मी सुनंदाकडे बघितलं. ती मायच्या पाठीकडे बघत होती, आणि हसत नव्हती. पांढऱ्या पोलक्यावर ओला ठसा होता. टाच, तळवा, पाच बोटं. माझा पाय दहा नंबरचा, त्याच्या शेजारी तो ठसा बाईमाणसाचा वाटत होता. सुनंदाने हात लावून बोटं नाकाशी नेली.

"कोमट हाय जी. निरगुडीच हाय."

मी माझा मोजा चाचपला. कोरडा ठणठणीत. गरम पाण्याची पिशवी? ती रिकामी, खुंटीला उलटी टांगलेली. घरात निरगुडी नाही, अंगणात नाही, मायच्या तेलातही नाही. मी फोन काढून फोटो घेतला, पण तोवर कडा पसरल्या होत्या. तो फोटो अजून आहे. ज्याला दाखवतो तो म्हणतो, "सर, घाम आहे."

"शकूले फोन लाव," माय म्हणाली.

ताईने पाचव्या रिंगला उचलला. स्पीकरवर टाकला होता. हॅलो नाही काही नाही, सरळ सुरुवात.

"थांब रे रवी, इथं सारं घर ओलं झालं! लादी पुसून राहिली मी."

"का झालं?"

"टाच दुखते ना मायी महिन्याभरापासून. शेजारीण म्हणे निरगुडीचा पाला उकळून शेक. कालपासून सुरू केलं. आता गंगाळात पाय टाकून बसली व्हती... तं उजवा पाय असा उडाला! कोनाले लाथ मारल्यावानी. गंगाळ गेलं तिकडं, पानी गेलं इकडं. मले तं वाटलं आता हे नवीनच दुखनं लागलं. डायबिटीसनं होते का रे असं?"

मी मनात अंतर मोजलं. अड्याळ ते तुमसर पन्नासेक किलोमीटर तरी असेल.

"शकू," माय म्हणाली, "तू पायाळू हायेस."

तिकडून बादलीत फडकं पिळल्याचा आवाज आला.

मग मायने जे सांगितलं ते ताईने किंवा मी पन्नास वर्षांत ऐकलेलं नव्हतं. आम्हा दोघांचेही जन्म मायच्या माहेरचे. माझ्या वेळी बाळंतपण झाल्यावर मायची आई तिला सोडायला अड्याळला आली होती. चार बायका बसल्या असताना म्हातारी बोलून गेली, "आमच्या पोरीचं लेकरू पायाळू हाय." आता आपल्या भाषेत 'ते लेकरू'. त्यात मुलगा कळत नाही आणि मुलगी कळत नाही. आजीच्या मनात ताई होती, पण बायकांनी विचारलं, "कोनतं?" आणि माझ्या मायने मांडीवरचा दीड महिन्याचा मी पुढे केला.

"पायाळू पोरीले कोन मागनी घालते?" माय सांगत होती. "आनखी पायाळूले जमिनीतलं धन दिसते म्हणतात, तं धन काढनारे मागं लागतात. पोराचं एक चालते. पोरीले कोन कुठं नेईल, मले भेव वाटे. म्हणून म्या याले पुढं केलं. मंग सांगाचं राहूनच गेलं."

तिकडे ताईने बादली बाजूला सरकवली.

"म्हणजे," ती म्हणाली, "ते मुरमुऱ्याचे लाडू माये व्हते?"

"हो वो शकू," माय म्हणाली आणि रडायला लागली. "तुयेच व्हते. सारे तुयेच व्हते."

"रवी," ताई म्हणाली, "तुले मी पाहते नंतर."

मायला फोन नीट ऐकू येईना म्हणून तिने तो माझ्या हातातून ओढून घेतला, कानाला लावला आणि "शकू, रागावली का वो? शकू?" करत राहिली. तेवढ्यात सुनंदाने माझा दंड इतका घट्ट धरला की मी ओरडणार होतो.

"माय बसली जी," ती कुजबुजली.

खरंच. माय खाटेवर उठून बसली होती, पाय खाली सोडून. एकोणीस दिवसांनी, कोणी हात न देता. तिला स्वतःला पत्ताच नव्हता. आम्ही दोघं जागचे हललो नाही, बोललो नाही... न जाणो तिला आठवेल आणि भीती वाटेल. फोन संपला, मायने पदराने नाक पुसलं, खाली पाहिलं, आपले पाय जमिनीला टेकलेले तिला दिसले.

"अगं बाई," ती म्हणाली. मग जराशाने, "सुनंदा, भात हाय का?"

दुपारी ताई भंडाऱ्याला एसटी बदलून अड्याळला आली. एका पायाने लंगडत, खांद्याला पिशवी. स्टँडवरून मी तिला गाडीवर आणलं. रस्ताभर ती माझ्याशी बोलली नाही, फक्त प्रत्येक खड्ड्याला पाठीत एक गुद्दा घालत होती. माय भिंत धरत सपरीपर्यंत येऊन खुर्चीत बसली होती. मला वाटलं होतं दोघी गळ्यात पडून रडतील. तसं काही झालं नाही.

"पाय लावू का?" ताईने विचारलं.

"आता कायले? लावून झाला ना," माय म्हणाली. "तो इकडं दे."

ताई नको नको म्हणत असताना मायने तिचा उजवा पाय ओढून मांडीवर घेतला आणि तेलाच्या बोटांनी टाच दाबायला लागली. अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई आणि सत्तावन्न वर्षांची लेक. ताईने सुरुवातीला "पाप लागते मले" वगैरे केलं, मग डोळे मिटून घेतले. सुनंदाने चहा ठेवला. मी बाजूला बसून माझा गुडघा चोळत होतो. माझ्याकडे कोणी बघत नव्हतं, आणि जन्मभर दुसऱ्याचा मान खाल्लेल्या माणसाकडे का बघावं?

या गोष्टीला आता वर्ष होत आलं. माय काठी घेऊन चालते, सडा मात्र शेजारची सून टाकते. मी माझ्या परीने सगळं तपासलं. लचक अठरा-वीस दिवसांत आपोआप उतरते, हे मला मान्य आहे. मन दुसरीकडे गेलं की भीती जाते आणि माणूस उठून बसतो, हेही मान्य. टाच दुखत असताना पायाला झटका येऊ शकतो. इथपर्यंत माझं विज्ञान माझ्यासोबत चालतं. पण कोमट पाण्याचा तो ठसा पन्नास किलोमीटरवरून पोलक्यावर कसा आला? इथे माझा गुडघा वाजतो, आणि मी पुढे जात नाही. कोणाला कळलं तर मला जरूर सांगा, फक्त 'घाम आहे' म्हणू नका.

त्या दुपारचं एक सांगायचं राहिलं. अर्धा तास टाच दाबून झाल्यावर मायने विचारलं, "उतरलं का वो?"

ताईने पाय जमिनीला टेकवून पाहिला, चेहरा वाकडा केला. "नाही उतरलं."

"कसं उतरल?" माय म्हणाली. "मी काय पायाळू हावो?" आणि तिने पाय पुन्हा मांडीवर ओढून घेतला.