गार्ड रिंगची वेगळी तार

पत्नीच्या निधनानंतर माझी नात फणसवाडीत माझ्याकडे राहायला आली. तिचे आईवडील नाशिकला असतात. ती चिपची आखणी करते. म्हणजे नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यावर कोणता भाग कोठे बसवायचा आणि कोणती तार कोठून न्यायची, याचे चित्र संगणकावर काढते. मी जन्मभर पाठशाळेत संस्कृत शिकवले. एका खोलीत तिचा संगणक, दुसरीत माझे देव. मधल्या दारातून दिवसाकाठी आमचे चार शब्द होत, आणि त्या चार शब्दांवर माझा दिवस उभा राहत असे.

हृदयाचे ठोके टिपणाऱ्या एका चिपमधला, अतिसूक्ष्म स्पंदन मोठे करणारा भाग प्रथमच संपूर्णपणे तिच्याकडे सोपवला होता. वरिष्ठांनी त्या दिवशी संध्याकाळी तो मान्य केला, तर तिला बंगळुरूच्या मुख्य गटात घेणार होते. ही तिची फार दिवसांची इच्छा. माझीही तीच असायला हवी होती. काम फसले तर ती येथेच राहील, हा विचार मनात येत होता आणि मी तो परतवीत होतो.

दुपारी जेवणानंतर तिने हाक मारली.

“आजोबा, इकडे या ना. पोथीवर ठेवायचात तसं बोट ठेवून बसा माझ्याजवळ.”

पाठशाळेत आमची एक रीत होती. एकाने पाठ म्हणायचा आणि दुसऱ्याने पोथीतील अक्षरांखाली बोट सरकवत ऐकायचे. बोट मध्येच उचलायचे नाही. ज्याला पाठ येतो त्याचे डोळे पुढे उडी घेतात आणि गळलेले अक्षर त्याला दिसत नाही. बोट उडी घेत नाही. लहानपणी सुटीत आली की ती हे पाहत बसे.

“पण स्क्रीनला हात लावलात तर पुन्हा आंघोळ करावी लागेल ना?” तिने चिडवले.

“स्क्रीनला सोवळे-ओवळे नाही. तुझ्या उष्ट्या कपाला आहे. तो आधी उचल.”

तिने दाखवले: मध्यभागी तिचा नाजूक भाग, त्याच्या सभोवार एक चौकोनी पट्टी. हीच गार्ड रिंग. पलीकडे अखंड चालू-बंद होणारी इतर मंडले, म्हणजे सर्किट्स.

“हे शेजारी क्षणभर गप्प बसत नाहीत. आणि खालचं सिलिकॉन सगळ्यांचं एकच. वरच्या मजल्यावर कोणी मसाला कुटला की आपल्या फळ्या हादरतात की नाही, तसं.”

“म्हणजे ही रिंग भिंत आहे?”

“भिंत नाही, चर म्हणा. विजेची ती चुळबूळ झिरपत आली की हिनं पकडायची आणि ग्राउंडला, म्हणजे घरातल्या अर्थिंगसारख्या तारेला, नेऊन सोडायची. सोडलीच नाही, तर नुसती शोभेची रांगोळी.”

संगणकाने सर्व जोडण्या बरोबर ठरवल्या होत्या. तरीही तिला एकदा शांतपणे पाहायचे होते. ती सांगत गेली, मी बोट सरकवत गेलो. रिंगमधून निघालेल्या तारेपाशी ती म्हणाली, “हे ग्राउंड. झालं, पुढे चला.”

माझे बोट मात्र तारेवरच होते. ती तार थोडी पुढे जाऊन शेजाऱ्यांकडून येणाऱ्या एका रुंद पट्टीला मिळत होती, आणि तेथून दोघी मिळून चिपच्या कडेला बाहेर पडत होत्या. त्यात काही वावगे आहे की नाही, हे मला कळत नव्हते. मी पुढे सरकलो असतो तर तिने विचारलेही नसते. खाली वाडीत कोणीतरी भंगारवाल्याशी हुज्जत घालत होते. ती मी नको तितकी लक्षपूर्वक ऐकली.

“बाळ, हे दोन प्रवाह येथे एकत्र येतात. चालते का?”

“चालतं हो, दोन्ही ग्राउंडच...” ती मध्येच थांबली. स्क्रीनजवळ वाकली. “अगं बाई!”

“काय झाले?”

“दोन्ही ग्राउंड, म्हणून सॉफ्टवेअरनं पास केलं. पण शेजाऱ्यांचा सगळा गोंगाट ह्याच पट्टीतून बाहेर जातो. तो उलटा माझ्या रिंगमध्ये शिरणार. राखणदारानंच चोराला आत घेतलं की!”

रिंगसाठी तिने वेगळी तार काढली, वाटेतल्या दोन-तीन तारा बाजूला सरकवल्या, आणि कोणालाही न शिवता ती थेट कडेच्या स्वतंत्र जोडणीपर्यंत नेली. मी पुन्हा बोट फिरवले. ते कोठे अडखळले नाही.

संध्याकाळी दाराआडून तिचे हसणे ऐकू आले आणि मला निकाल कळला. येऊन तिने वाकून नमस्कार केला.

“यशस्विनी भव,” मी म्हणालो. आवाज स्थिर राहिला, ही देवाची कृपा.

“तुम्हीपण चला ना, आजोबा.”

“देवांना आता येथलीच सवय आहे.”

“देव येतील हो. अडून तुम्हीच बसता.”

आता ती तिकडे असते. रविवारी फोन करते आणि कामाविषयी भरभरून बोलते. तिच्या बोलण्यात पुष्कळ नवे शब्द आले आहेत. परवा एकाचा अर्थ विचारणार होतो. तेवढ्यात तिला कोणीतरी हाक मारली.

“ठेवते हं, आजोबा. काही म्हणत होतात का?”

“काही नाही. जा तू,” मी म्हणालो. मग बराच वेळ तो शब्द मनात घोळवत बसलो. अर्थ लागला नाही.