मोठ्यानं वाच, सुनंदा

मला निमकरबाईंनी वाचवलं. काय झालं ते पुढं सांगतेच, पण नाव आधी घेते, कारण आमच्या ऑफिसात आता ते कुणी घेत नाही.

बेलापूरला आमची एक छोटी संस्था होती. भूगर्भशास्त्र शिकून नुकत्याच कॉलेजातून बाहेर पडलेल्या मुलामुलींना तिथं कॉम्प्युटरवर प्रोग्राम लिहायला शिकवत. जमिनीखालचं पाणी कुठून कुठं जातं, विहिरी उपसल्या तर खाडीचं खारं पाणी आत शिरेल का, हे सगळं आकड्यांत मांडायचं. त्याला ते मॉडेल म्हणत. शिकवायच्या निमकरबाई, आणि आकडे टाइप करायचे मी. आठवीत शाळा सुटलेली यवतमाळकडची बाई मी, टायपिंगच्या एका सर्टिफिकेटावर तिथं चिकटले होते. नवरा गेल्यावर मुलीला, लताला, आईपाशी ठेवून आले होते. नोकरी कच्ची होती. ती पक्की झाली की शाळा उघडायच्या आत लताला इकडं आणायचं. नाही झाली तर सासरचे तिला घेऊन जाणार आणि शाळा सुटणार. "पोरीच्या जातीले चवथी पुरे झाली," असं माझा दीर अंगणात उभा राहून सांगून गेला होता.

बाई पन्नाशीच्या होत्या. सुती साडी, पदर खोचलेला, पायांत काही नाही, कारण कॉम्प्युटरच्या खोलीत चपला चालत नसत. त्यांची एक खोड पहिल्याच दिवशी मला दिसली. मुलांनी लिहिलेला प्रोग्राम त्या कधी बघायच्या नाहीत, मोठ्यानं वाचून घ्यायच्या. डोळे मिटून, हाताची घडी घालून ऐकत बसायच्या. "एच, कंस, आय, स्वल्पविराम, जे, कंस पुरा" असं ते पोथीसारखं चालायचं. मध्येच त्यांचा हात वर जायचा. "थांब. कंस उघडलास, मिटला कुणी?"

इरफान म्हणून उरणचा एक मुलगा होता, जिभेचा तिखट. तो म्हणायचा, "बाई, एवढं पारायण झाल्यावर प्रसाद काय?"

"प्रसाद कॉम्प्युटर देईल. एरर म्हणतात त्याला. वाच पुढं."

मी एकदा भीत भीत विचारलं, की पडद्यावर दिसतंच आहे तर वाचायचं कशाला? बाई म्हणाल्या, "सुनंदा, डोळ्याला सवय झाली की तो असलेलं बघत नाही, असायला हवं ते बघतो. कानाला तेवढी अक्कल नाही, म्हणून तो बरा." मुलं ते वहीत लिहून घ्यायची. मी पण मनात लिहून घेतलं.

दुसरी त्यांची सक्ती बोटाची. भिंतीवर करावे गावापासून डोंगरापर्यंतचा मोठा नकाशा होता. मुलं विहिरी मोजून यायची आणि प्रत्येक विहिरीपाशी पाण्याची पातळी पेन्सिलीनं लिहायची. मॉडेल चालवण्याआधी प्रत्येकानं नकाशावर बोट फिरवून पाणी कुठं जाईल ते दाखवायचं. "आधी बोट, मग बटण. यंत्राला लाज नाही, काहीही सांगेल. तुम्हाला असू दे." आणि उत्तर फार छान आलं की म्हणायच्या, "सुंदर आलंय? मग घाबरा."

मी तर कायमच घाबरलेली असायचे. एक आकडा चुकला तर, साहेबांनी बोलावलं तर, गावाहून फोन आला तर. बाईंना ते कळत असावं. त्या आपल्या डब्यातली पोळी माझ्यापुढं सरकवायच्या आणि म्हणायच्या, "खा, आणि कालचा प्रोग्राम वाचून दाखव." वाचून वाचून मला त्यातलं थोडं समजायला लागलं होतं. ते त्यांनी मला कधी शिकवलं असं मला आठवत नाही.

आकडे भरायची पद्धत दोघांची. मुलांपैकी एकानं नकाशापाशी उभं राहून आकडा सांगायचा, मी टाइप करायचा, मग मी परत वाचायचा आणि त्यानं नकाशावर ताडून बघायचा. त्या दिवशी मुलं सगळी खांदेश्वरकडच्या विहिरी मोजायला गेली होती. काम देणाऱ्या कंपनीचे पाहुणे ठरल्यापेक्षा आधीच येणार होते. म्हणून बाई स्वतः नकाशासमोर उभ्या राहिल्या, नाक जवळजवळ कागदाला लावून. त्यांनी सांगितलं, मी भरलं. मी वाचलं, त्या म्हणाल्या, बरोबर.

दुसऱ्या दिवशी बाई म्हणत होत्या, एकदा चालवून तरी बघू. आमचे कामतसाहेब म्हणाले, "वेळ नाही, पाहुणे जिना चढताहेत." इरफाननं बटण दाबलं. पडद्यावर पाण्याचे बाण उमटले, आणि सगळे बाण खाडीकडून निघून डोंगरावर चढत होते.

पाहुण्यांतला एक जण हसला. "तुमच्याकडं पाणी फारच उत्साही दिसतंय."

पाहुणे गेल्यावर साहेबांनी माझ्याकडं बोट केलं. "आठवी शिकलेल्या बाईच्या हातात डेटा दिला की हेच होणार. उद्यापासून येऊ नका."

खाडीलगतच्या विहिरींचं पाणी उन्हाळ्यात समुद्रसपाटीच्याही खाली जातं. तिथल्या आकड्यांना आधी वजाची खूण असते. माझ्या आकड्यांत ती नव्हती, म्हणून खाली गेलेलं पाणी डोंगराकडच्या पाण्यापेक्षा उंच दिसत होतं आणि बाण उलटे फिरले होते. मला आठवेना, बाई वजा म्हणाल्या होत्या की नव्हत्या. म्हणाल्याच असतील, मीच गिळलं असेल. त्या संध्याकाळी करावेला खोलीवर गेले, तर घरमालकीण हौसाबाय सुकत घातलेली मासळी गोळा करत होती. माझं तोंड बघून तिनं विचारलं, "काय झाला गो?" मी सांगितलं, पाणी डोंगर चढलं. ती म्हणाली, "पानी कुठं चरतं? कुनाचं तरी डोकं चरलं आसल." मी हसले आणि हसता हसता रडायला लागले. पीसीओत जाऊन गावाला फोन लावला. शेजारच्यांनी लताला बोलावून आणलं. "आई, इंग्रजीचं पुस्तक आहे का गं तिथं?" तिनं विचारलं. मी म्हटलं, आहे.

सकाळी हिशेब करायला म्हणून ऑफिसात गेले. बाईंनी सगळ्यांना नकाशापाशी जमवलं होतं, साहेबांनाही. "इरफान, तू नकाशाकडं बघ. मी वाचते," त्या म्हणाल्या, आणि नाक कागदाला लावून वाचू लागल्या. पहिली विहीर, दुसरी, तिसरी.

इरफान हळूच म्हणाला, "बाई, वजा आहे तिथं."

"आहे ना?"

"आहे, बाई. पेन्सिल जरा फिकट आहे, पण आहे."

"मला नाही दिसत," बाई म्हणाल्या. "वर्षभर झालं, कमीच होत चाललंय. म्हणून तर तुमच्याकडून वाचून घेत होते. सुनंदानं मी सांगितलं तेच भरलंय, कामतसाहेब. तिला काढायचं कारण राहिलं नाही."

बाई गप्प राहिल्या असत्या तर कुणाला कळलं नसतं. मीसुद्धा स्वतःलाच दोष देत गावी गेले असते.

मी राहिले. बाईंचा करार पुढं वाढवला नाही. शेवटच्या आठवड्यात त्या घाई करून शिकवत होत्या, घसा बसेपर्यंत. मुलं आता विनोद करत नव्हती, नीट, स्पष्ट वाचत होती. जायच्या दिवशी मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं तर त्या चिडल्या. "ऊठ. नाटकं नकोत. लताला कधी आणतेस?" मी त्यांच्या डोळ्यांबद्दल विचारलं. डॉक्टर म्हणतात गेलेलं परत येत नाही, म्हणाल्या, आणि पर्स चाचपू लागल्या. ती त्यांच्या समोरच टेबलावर होती.

लता इथं आली, शाळेत जाते. संध्याकाळी तिच्याकडून मी पुस्तक मोठ्यानं वाचून घेते. ती कंटाळते. बाई सांगलीला बहिणीकडं असतात. अलीकडं बहीणच पत्र लिहिते, त्यात खाली बाईंची सही असते, ओळ सोडून गेलेली. इरफानच आता नव्या मुलांना शिकवतो. त्यांचे प्रोग्राम मी घरी आणून वाचते, हळू हळू, अडखळत. अजून पुष्कळ कळत नाही.

पण बाई, मी येणार आहे. नोकरीतून सुटी मिळो न मिळो, एक दिवस सांगलीला येऊन तुमच्यासमोर बसणार आहे. तुम्ही हाताची घडी घाला. जे म्हणाल ते मी वाचून दाखवीन, मोठ्यानं, प्रत्येक कंस मिटवून, एकही वजा न गाळता.