मिस्त्रीची बसकी गाडी

आंतोन मिस्त्री भर रस्त्यात उकिडवा बसलेला दिसला, की समजावं, समोरून एखादी गाडी येते आहे. गाडीत कोण बसलं आहे याच्याशी त्याला काही कर्तव्य नसे. खुद्द लाटसाहेब आला असता तरी मिस्त्रीने आधी त्याच्या गाडीचं पोट पाहिलं असतं. आस सरळ आहे का, कमानी किती दबतात, चाक डुलतं का, एवढं बघून तो पाटलोण झटकत उठायचा. गाडीवानांच्या शिव्या त्याच्या कानापर्यंत पोचतच नसत. "मानूस तोंडावरून वळखाचा मास्तर, गाडी पोटावरून," असं तो मला सांगे.

परळला घोडागाड्यांचा एक कारखाना होता, तिथे तो मुख्य सुतार. राहायला ठाकूरद्वारला आमच्याच वाडीत, माझ्या बिऱ्हाडासमोर तळमजल्यावर. मी तेव्हा गिरगावातल्या एका मराठी शाळेत नुकताच मास्तर झालो होतो आणि जगात आपल्याला कळत नाही असं फारसं काही नाही, अशा समजुतीत होतो. ती समजूत पुढे कमी झाली, त्यात मिस्त्रीचा आणि त्याच्या बायकोचा मोठा हात आहे. आज दोघंही नाहीत. त्यांची आठवण आली की मला अजून चुटपुट लागते.

बायकोचं नाव कातरीन. मूळची साष्टीतल्या मरोळची, उंच, सावळी, बोलायला फटकळ. कारखान्यात एकदा नवी गाडी तयार झाली, तेव्हा चालवून बघायच्या निमित्ताने मिस्त्री तिला फिरवायला घेऊन गेला. उतरताना तिची पायरी चुकली. गिऱ्हाइकाला उंच गाडीचा षोक, म्हणून पायरी वीतभर वर ठोकलेली होती, आणि ठोकली होती मिस्त्रीनेच. हाडवैद्याने गुडघा बांधला, पण तो पुन्हा वाकला नाही. सपाटीवर ती काठी टेकत चालायची, चढायचं म्हटलं की संपलं. चार वर्षं तिने वाडीबाहेरचं जग पाहिलं नव्हतं.

याबद्दल ती नवऱ्याला एका शब्दाने बोलली नाही, आणि मिस्त्रीला तेच सोसेना. "शिव्या घातल्या असत्या तं सुटलो असतो," तो मला एकदा म्हणाला. ती पडली त्या दिवसापासून कारखान्यात त्याने पायऱ्या करणं सोडलं होतं. बाकी सगळी गाडी तो करी आणि पायरीचं काम आलं की दुसऱ्याच्या हातात देऊन बाजूला होई. भाद्रपदाच्या सुमारास वांद्र्याला मोतमाउलीची जत्रा भरे. कातरीनची लहानपणापासून एकही जत्रा चुकली नव्हती, आणि आता चार चुकल्या होत्या. वाडीतल्या चौघांनी उचलून गाडीत बसवू म्हटलं, तर म्हणाली, "मी काय पोतं हाय? मना कोनी उचलाचा नाय."

मग एके दिवशी मिस्त्री बैलगाडीत घालून शिग्राम नावाच्या एका जुन्या घोडागाडीचं धूड घेऊन आला. कारखान्याच्या मागे ते कित्येक वर्षं पडून होतं. आत कोंबड्या अंडी घालायच्या, आणि एक कोंबडी तर गाडीबरोबर ठाकूरद्वारपर्यंत आली. चारी बाजूंनी बंद, डोलाऱ्यासारखी उंच अशी ती पेटी बघून मी म्हटलं, "मिस्त्री, हिच्यात चढायला तर शिडी लागेल." तो म्हणाला, "हिला बसवतो खाली. बघा तुमी."

पुढचे सहा महिने संध्याकाळी वाडीत करवतीचा आवाज. त्याने शिग्रामचे खांब हातभर कापून छप्पर खाली आणलं. दारं काढून टाकली. लोहाराकडून आस मधोमध खाली वाकवून आणला आणि त्या खोबणीत पेटी अशी बसवली, की तळ जमिनीपासून जेमतेम वीतभर. जड चाकं जाऊन हलकी आली. सगळी मापं त्याने एका दोरीवर गाठी मारून घेतली होती. त्यातली पहिली गाठ होती कातरीनच्या खाटेची उंची. खाटेवर ती आपली आपण बसत असे, म्हणून गाडीची बैठक बरोबर तेवढीच. जाणारा-येणारा विचारी, "काय मिस्त्री, गाडी बसली वाटतं?" मीही एकदा तिला पाट म्हणालो. मिस्त्री हसे आणि रंधा मारत राही.

जत्रेच्या दिवशी सकाळी एका ओळखीच्या गाडीवानाचं तट्टू जुंपलं. कातरीन खाटेवर टेकावं तशी बैठकीवर टेकली, ताठ पाय हाताने आत घेतला आणि बसली. कोणी हात लावला नाही. अख्खी वाडी बघत होती. मलाही बोलावणं होतं, पण मानाने नव्हे. "गाडी हलकी हाय मास्तर, मागं वजन पायजे," असं मिस्त्रीने स्वच्छ सांगितलं.

गाडी निघाली आणि वाडीच्या तोंडाशी थांबली. तिथे वाटेच्या मधोमध शेंदूर फासलेला एक धोंडा होता, वाडीचा राखणदार. इतर गाड्यांची पोटं उंच, त्या त्याच्यावरून निघून जात. रोज त्याला वळसा घालून आम्हा सगळ्यांना त्याची इतकी सवय झाली होती, की तो कोणाला दिसेनासाच झाला होता. जगातल्या गाड्यांची पोटं बघणाऱ्या मिस्त्रीने आपल्या गाडीच्या पोटाखाली काय येणार, हे मोजलंच नव्हतं. धोंडा तळापेक्षा दोन बोटं उंच निघाला.

कातरीन एकदा बसली ती आता उतरायला तयार नव्हती, आणि गाडी उचलायची म्हणजे तिलाच उचलायचं. मी लगेच धोंडा हातभर सरकवण्याच्या बाजूने भाषण सुरू केलं, सुधारणेचा काळ वगैरे. रोज त्याला फूल वाहणाऱ्या भागीरथीकाकू धोंड्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या. मिस्त्रीने टोपी काढली. "देव माझ्या आधीचा हाय, मास्तर. गाडी माझी चुकली," असं म्हणून तो तट्टू सोडायला वाकला. त्याचा चेहरा मला बघवेना.

"मिस्त्री," गाडीतून कातरीन म्हणाली, "चाकं काय देवावरून जातान? चाकांखाली फल्या टाक."

शिग्रामच्या जुन्या तळाच्या फळ्या भिंतीला टेकून होत्या. दोन्ही बाजूंना दोन-दोन रचल्या, चाकं त्यांवर चढली, गाडी चार बोटं वर उचलली गेली आणि देवाला न शिवता पलीकडे उतरली. भागीरथीकाकूंनी तट्टाच्या कपाळाला कुंकू लावलं. माझं भाषण अर्धंच राहिलं, आणि ते पुरं करायला कोणी सांगितलं नाही.

गाडी पळते किती, ते ताडदेवच्या वळणावर कळलं. एका श्रीमंताचा मुलगा उंच टमटम हाकत आमच्या पुढे होता. वळणावर कलंडेल म्हणून त्याला लगाम खेचावा लागला. आमची गाडी जमिनीला धरून होती, ती तशीच सुसाट त्याच्या बाजूने निघून गेली. मी मागे देवाचं नाव घेत होतो. कातरीन मात्र मोठ्याने हसत होती, आणि माहीमपर्यंत तिने मिस्त्रीला वेग कमी करू दिला नाही.

मोतमाउलीला मेणाचे अवयव वाहतात. ज्याचं जे दुखतं ते तिच्यापुढे ठेवायचं. देवळासमोरच्या सपाटीवर त्यांची दुकानं होती. मिस्त्रीने तट्टू थांबवलं आणि मेणाचा पाय आणायला उतरला. मनात त्याने तो चार वर्षांपूर्वीच घेऊन ठेवला असावा.

"पाय नको," कातरीन म्हणाली. "हात आन."

मिस्त्रीला कळेना. "हात कोनाचा?"

"तुजा. माज्या पायाला आता दुखत नाय."

त्याने आपला उजवा हात उलटासुलटा करून पाहिला. मग दुकानाशी गेला आणि मेणाचा उजवा हात घेऊन आला. कातरीनने तो पदराने पुसला, गाडीतून आपली आपण उतरली आणि काठी टेकत पुढे झाली. मिस्त्री तिच्यामागून गेला. मी गाडीपाशीच थांबलो. माझे डोळे भरून आले होते, आणि ते लपवावे असंही मला वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री परळला कामावर गेला. एका नव्या गाडीची पायरी व्हायची होती. ती त्याने दुसऱ्या कोणाला दिली नाही.