वजनदार मुलगा

आपलं कुठेतरी वजन आहे, असा गैरसमज मला आयुष्यात एकदाच झाला, आणि तो मनोरीच्या कोळीवाड्यात झाला.

मी मुलुंडचा, घर मालवणी. ती मनोरीची, कोळ्यांची. अंधेरीच्या एकाच ऑफिसात आम्ही समोरासमोरच्या टेबलांवर कामाला होतो. माझ्या घरचा विरोध आईच्या अबोल्यावर निभावला. खरी अडचण तिच्या वडिलांची होती. ऐंशीच्या सुमारास होडीच्या मागे आउटबोर्ड मशीन लावून खाडीत शर्यती होत, आणि शिमग्यातल्या शर्यतीत त्या घराण्याचं नाव मार्वेपासून गोराईपर्यंत घेतलं जाई. आजोबांनी वल्ही मारून जिंकल्या, वडिलांनी मशीनवर जिंकल्या. गावात तंटा झाला की लोक आधी त्यांच्या ओट्यावर येत. अशा माणसाने आपली मुलगी जातीबाहेर आणि खाडीपलीकडे द्यावी, ही आशा माझ्यासारख्या कारकुनानेच करावी.

एक दिवस ती म्हणाली, "बाबांना सांगितलं मी. त्यांनी एकच विचारलं, पोरगा वजनदार हाय का? मी हो म्हटलं."

वजनदार! ऑफिसात शिपाईसुद्धा मला चहा सगळ्यात शेवटी द्यायचा. तरी म्हटलं, बाहेरच्यांना दिसत असेल. मी सफारी शिवून घेतला. आमच्या नगरसेवकाचं नाव बोलण्यात सहज कसं आणायचं, याची आरशासमोर तालीम केली.

तिच्या वडिलांनी मला दारातच वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग मागून एक फेरी मारून पाहिलं. पगार विचारला नाही. नगरसेवकाचं नाव मी दोनदा काढलं, त्यावर "बरा" म्हणाले. मग विचारलं, "होडीत उलटी होते का रं?" मी नाही म्हटलं. मार्वेहून येणाऱ्या फेरीबोटीत झाली नव्हती, तेवढाच माझा अनुभव. ते खूश झाले. तिच्या आईला म्हणाले, "वाढ त्याला अजून." मी जितके बोंबील चापले तितका त्यांचा चेहरा खुलत गेला. सासरा जिंकला, असं मी मनात म्हणत होतो.

जेटीकडे परतताना तिने खुलासा केला. मशीन होडीच्या मागे, चालवणाराही मागे, त्यामुळे सुटताना होडीचं पुढचं टोक वर उचलतं. तिथे एखादा जड माणूस पालथा पडून राहिला तर होडी सरळ होते. होडीने वेग घेतला की त्याने सरपटत मधे यायचं, म्हणजे ती पळते. हे काम तिचा भाऊ करायचा, पण तो आखातात नोकरीला गेला होता.

"म्हणजे मी रेतीची गोणी?"

"गोणी मधे सरकत नाही ना," ती म्हणाली. "शर्यत झाली की लग्नाचं बोलू, म्हणालेत बाबा."

घरी आईने अबोला मोडला तो यासाठी: "न्हाणीत पाय घसारता तुझो, आणि दर्यात खंय जातलस?"

शर्यतीच्या दिवशी मला तिच्या भावाची हाफ पँट दिली. ती मला घट्ट झाली, तेव्हा वडिलांनी समाधानाने मान हलवली. मी पुढे पालथा पडलो. मशीन कडाडलं, होडी सरळ झाली आणि आम्ही सगळ्यांच्या पुढे निघालो. इथवर मी उत्तम काम केलं, कारण काहीच करायचं नव्हतं.

"मधी ये!" मागून आवाज आला.

मला ऐकू आलं. पण हातांनी लाकूड सोडायला साफ नकार दिला. डोळे मिटून मी माहीत असलेल्या सगळ्या देवांना नारळ कबूल केले. "मधी ये रं!" होडीचं टोक पाण्यात घुसू लागलं, नाकातोंडात खाडी गेली, आणि एकेक करून सगळ्या होड्या आम्हाला मागे टाकून गेल्या. ते घराणं प्रथमच हरलं, आणि शेवटचं आलं.

किनाऱ्यावर अख्खा कोळीवाडा उभा होता. ती आईजवळ उभी होती, मला तिच्याकडे बघवेना. सोयरीक बुडाली, आता निमूट मुलुंड गाठायचं, एवढंच डोक्यात होतं. तेवढ्यात जिंकलेल्या होडीवरून कोणीतरी ओरडलं, "नाखवा, पुढं दगड कशाला भरलाव?" सगळे खो खो हसले.

तिच्या वडिलांनी मशीन सोडवलं, खांद्यावरून आणून वाळूत ठेवलं, उघडलं आणि प्लग काढून वर धरला. "यो गेलता. माजी चूक. मशीन नीट बघतली नाय मी."

हसणं थांबलं. दुसऱ्या कोणी मशीनला दोष दिला की "नाचता येईना अंगण वाकडं" म्हणणारा हा माणूस. मी शेजारीच बसलो होतो. प्लग ठणठणीत होता. तरी ते मन लावून तो फडक्याने पुसत राहिले. इतक्या वर्षांचं नाव माझ्यासाठी वाळूत ठेवलं त्यांनी, हे मला तेव्हा कळलं.

माझ्याकडे न बघता, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "आन् माजे जावयाला कोन हसू नका."