पाण्याखालचा उंचवटा

आई गेल्यापासून मी हे लिहायचं म्हणतो आहे. आज जमतं का पाहतो.

माझे वडील मोठ्या लढाईत, दुसऱ्या महायुद्धात गेले, पण सैनिक म्हणून नव्हे. ते मुंबईहून सुटणाऱ्या मालवाहू जहाजावर बॉयलरमध्ये कोळसा घालत. पाणबुडीनं ते जहाज दूर परमुलखाच्या समुद्रात बुडवलं तेव्हा मी रांगत होतो आणि धाकटा भाऊ आईच्या पोटात होता. तार वाचून दाखवणाऱ्याला आई म्हणाली होती, "जहाज बुडालं असं लिहिलंय. माणूस बुडाला असं कुठं लिहिलंय?"

त्या वाक्यावर तिनं चाळीस वर्षं काढली. पितृपक्षात आजोबांचा म्हाळ घालायचा; वडिलांचं नाव मात्र घ्यायचं नाही. मी थोरला. बापाला पाणी देणं माझ्याकडे लागलेलं. एकदा विषय काढला, तर ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. पुन्हा काढला नाही.

मी रत्नागिरीत कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला लागलो. त्या लढाईवरची पुस्तकं मी फार वाचत असे. वडील कुठं सापडतील असं वाटायचं. ते सापडत नसत, आमचं घर सापडे. लहानपणी भावाला न्यूमोनिया झाला आणि सिव्हिलमधल्या पेनिसिलीननं तो वाचला. ते औषध कारखान्यांत ढिगानं तयार व्हायला लागलं ते जखमी सैनिकांसाठी. पुढे भाऊ मासेमारीत पडला; त्याचं जाळं ज्या नायलॉनचं, त्याच्या तेव्हा हवाई छत्र्या होत. ज्या लढाईनं बाप नेला, तिच्याच उरल्यासुरल्यावर आम्ही दोघं वाढलो. याचं काय करायचं, ते पुस्तकात नव्हतं.

ऐंशीनंतरच्या एका हंगामात भावानं ट्रॉलरवर मासे शोधायचं यंत्र बसवलं. पाण्यात आवाज सोडायचा आणि तळावरून परत येणारा प्रतिध्वनी कागदावर उमटवायचा. ही विद्या वाढली ती पाणबुड्या शोधताना. मी हे घरात बोललो नाही. भाऊ मात्र जेवताना फुशारकीनं म्हणाला, "आये, आता तळ दिसतो. घरातली जमीन दिसावी तसा!"

आईचा हात ताटात थांबला. "मला दाखव."

"तू? बोटीवर?"

आमच्यात बाई बोटीवर चढायची ती नारळी पौर्णिमेला, पूजेपुरती. भाऊ कुरकुरला, खलाशी काय म्हणतील म्हणाला. पण पौर्णिमेला नारळ सोडून झाल्यावर आई खाली उतरेचना. शेवटी बोट हाकणारा म्हातारा तांडेल, जो तरुणपणी वडिलांचा जोडीदार होता, त्यानंच इंजिन चालू करायला सांगितलं.

"चला वयनी. तुमच्या पोराला वाटतं मासे मशिन पकडतं. तुम्ही बघून सांगा."

"तू गप ऱ्हव. तुला दिसत नाय म्हणून तर त्यानं मशिन आणलं," आई म्हणाली. खलाशी हसले आणि बोट सुटली.

केबिनमध्ये यंत्र घरघरत होतं. जळक्या कागदाचा वास येत होता. सुई एक काळी जाड रेघ काढत चालली होती.

"हा तळ," भाऊ म्हणाला. "आणि हे ठिपके मासळी."

आई वाकून बराच वेळ पाहत राहिली. "माणूस असला तर?"

भावानं माझ्याकडे पाहिलं. तांडेल तोंडातलं पान थुंकून आला आणि हळू आवाजात म्हणाला, "माणूस नाय दिसत, वयनी. बुडालेलं गलबत दिसतं. रेघेला उंचवटा येतो. मासळी पण तिथंच जमते. पण जाळं अडकतं, म्हणून आम्ही बाजूनं जातो."

"म्हणजे तिकडच्या लोकांच्या कागदावर त्याचं जहाज उमटत असेल."

"असेल."

"आणि ते बाजूनं जात असतील."

"जाणारच. जाळं कोण फाडून घेईल?"

आई पदर सावरून खाली बसली. परत धक्क्याला लागेपर्यंत ती तिथून उठली नाही.

पितृपक्षात भटजींनी विचारलं, आजोबांशिवाय आणखी कुणाचं? मी नाही म्हणणार, तोच आई आतून म्हणाली, "ह्याच्या वडलांचं. लढाईत गेले ते. चतुर्दशीला घाला." शस्त्रानं गेलेल्यांची ती तिथी. मी पहिल्यांदा वडिलांच्या नावानं पाणी सोडलं तेव्हा माझे केस पिकू लागले होते.

कुंकू मात्र ती लावतच राहिली. सुनांनी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

ती गेली त्या सकाळी शेजारच्या बायका तिला आंघोळ घालून थांबल्या. एकीनं दारात येऊन मला हळूच विचारलं, "भाऊजी, कुंकू लावायचं का?" भाऊ मान खाली घालून उभा होता. म्हाळ मी घालत होतो, तेव्हा उत्तर मलाच द्यायचं होतं.

"लावा," मी म्हणालो.