जनरलवरचा आळ

इतकी वर्षं लोटली, पण जनरलची ती केस अजून डोळ्यांपुढून हलत नाही. यातल्या माणसांची नावं मी देणार नाही. कुत्र्याचं मात्र देतो, कारण बदनामी त्याची झाली होती आणि ती पुसायची तर नाव घ्यावंच लागतं.

एकोणीसशे सत्तरच्या पुढची ती वर्षं. पलूसच्या बाजूला एका चौकीवर मी फौजदार होतो. शिक्षण सातवी. वडील गेले, शाळा सुटली, आणि पोलीस खात्यानं पोटाला लावलं. शिपायाचा फौजदार केला. ते उपकार मी विसरलो नाही. पण धाकही तेवढाच होता. वर पाठवायचा प्रत्येक कागद पुन्हा पुन्हा वाचायचो. बायकामुलं तळकोकणात, गावी. चौकीमागच्या खोलीत मी एकटा. संध्याकाळची हजेरी झाली की शिपाई घरोघर जात आणि मी स्टोव्ह पेटवून भात टाकायचो. त्या मुलखात भात म्हणजे आजाऱ्याचं खाणं.

गावाबाहेर मळ्यात फौजेतून निवृत्त झालेले एक हवालदार राहत. बायको वारलेली, मूलबाळ नाही. पंजाबात पलटण असताना त्यांनी तिथून एक कुत्रा आणला होता. रुंद जबडा, कापलेले कान, छाती एखाद्या पैलवानाची, तोंडावर जुने वण. तिकडं अशा कुत्र्यांच्या झुंजी लावतात. हा झुंजीत हरला म्हणून मालक त्याला मारायला निघाला होता, यांनी मागून घेतला आणि नाव ठेवलं जनरल. गावात चेष्टा चालायची, "हवालदाराच्या दारात जनरल बांधलाय, गड्या! सलाम कोन कुनाला करतंय?" हसायचे लांबूनच. जनरल रस्त्यानं निघाला की बाया पोरं उचलून घरात पळत. त्यानं कुणाला काही केल्याचं मात्र एकही माणूस सांगत नव्हता. तोंडच तसलं, एवढंच.

एके दिवशी सकाळी गावातले एक बडे बागायतदार चौकीत आले. त्यांचं गुऱ्हाळ चालू होतं. खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "फौजदार, त्या राक्षसानं माझ्या गड्याचा हात फाडला. दोन बोटं गेली. आता पंचायत ठराव करनार हाय, बाजार उठला की त्याला गोळी घालायची. तुमी आडवं येऊ नका, म्हंजी झालं."

"फिर्याद जखमी माणसानं द्यायला हवी," मी म्हणालो.

"दील की. मी सांगतो त्याला."

ते 'मी सांगतो' मला खटकलं. पण माणूस वजनदार होता, आणि माझा कोकणात बदलीचा अर्ज वर पडून होता. त्यांना दारापर्यंत पोचवून आलो.

ते गेले आणि हवालदार आले. साखळीला जनरल. आमचा ठाणे अंमलदार टेबलावर चढला, खोटं सांगत नाही.

"साहेब, याला अटक करा," हवालदार म्हणाले. "बाहेर ठेवला तर लोक बाजाराचीबी वाट बघणार न्हाईत. हा कवाच कुणाला चावला न्हाई. माझ्याजवळ बांधलेला होता."

"कुणी पाहिलं का?"

"मळ्यात मी एकटाच असतो, साहेब."

एकट्या माणसाला साक्षीदार नसतो, हे मला पोलीस असून तेव्हा पहिल्यांदा समजलं. मी स्टेशन डायरीत नोंद केली आणि जनरलला मागच्या पडवीत, माझ्या खोलीच्या दाराशी बांधायला सांगितलं.

हवालदार निघताना म्हणाले, "साहेब, झुंजीत दोन कुत्री एकमेकांना धरतात, तवा सोडवायला मालकाला मधी हात घालावा लागतो. त्या वक्ताला जे कुत्रं माणसाला चावंल, ते तिकडं कुणी ठेवून घेत न्हाई. ह्याच्या रगतात माणूस चावणं न्हाई."

ऐकून बरं वाटलं, पण खोलीत जायचं तर त्याला ओलांडून जायचं होतं. मी भिंतीला पाठ घासत गेलो. त्यानं एक डोळा उघडून पाहिलं आणि मिटला. जेवताना मी थोडा भात पत्र्याच्या ताटलीत घालून काठीनं पुढं सरकवला. त्यानं तो सावकाश खाल्ला आणि ताटली नाकानं ढकलत माझ्या पायाशी आणून ठेवली. किती तरी महिन्यांनी माझ्यासोबत कुणी जेवलं होतं.

जबाब घ्यायला शिपायाला घेऊन मी त्या गड्याच्या घरी गेलो. उजव्या हाताला फडक्यांचं बोचकं, अंगात ताप. त्यानं पाठ केल्यासारखं सांगितलं, "उसाची मोळी घिऊन निघालोवतो. मागनं आलं आन् हात धरला."

"मागून आलं तर पाय धरेल, हात कसा?"

"आता त्येला काय इचारू, साहेब?"

घरात त्याची बायको त्याला भरवत होती आणि धाकटी लेक त्याच्याच ताटातलं खात होती. मी ते पाहत होतो, तेवढ्यात माझा शिपाई तिला म्हणाला, "वैनी, तिखट कोंबलं न्हाई व्हय जखमेत? मला गल्लीतलं कुत्रं चावलं तवा शेजारनीनं पसाभर चटनी भरलीवती. मी बोंबलून गाव गोळा केला. तुमच्यात मिरची म्हाग झालीया जनू!"

ती पदर तोंडाला लावून चुलीकडं वळली. त्या भागात कुत्रं चावलं की आधी तिखट, मग दवाखान्यात पोटातली इंजेक्शनं. आणि ती होईपर्यंत पोराबाळांना त्याच्या उष्ट्याला हात लावू देत नाहीत. इथं लेक बापाच्या ताटात जेवत होती. कुत्रं चावलेलं नाही, हे त्या घराला पक्कं माहीत होतं.

तिथून सरळ गुऱ्हाळावर गेलो. भर हंगामात घाणा बंद, आणि नुकताच धुऊन काढलेला. रोज चिपाडाच्या भुशानं माखलेलं ते यंत्र देवासारखं चकचकीत. मागच्या बांधावर उसाचा रस ओतलेला, सगळी जमीन मुंग्यांनी काळी. मी गुळव्याला, म्हणजे गूळ करणाऱ्या कारागिराला, बाजूला घेतलं.

"काहीलभर रस असा का ओतला?"

"नासलावता."

"नासलेला रस जनावरांना घालतात. हा बांधावर का?"

तो मालकाच्या घराकडं बघत राहिला. मग म्हणाला, "आवं साहेब, ह्यो गूळ देवाच्या निवदाला जातोय. मालक म्हनलं, उकळल्यावर काय कळतंय? पर मी न्हाई केला. मानसाच्या रगताचा गूळ माझ्या हातनं व्हायचा न्हाई."

पंचांना बोलावून पंचनामा केला. घाण्याच्या दोन लाटांच्या, म्हणजे ऊस चिरडणाऱ्या रुळांच्या, फटीत सदऱ्याच्या रक्ताळलेल्या बाहीची चिंधी अडकलेली होती. धुणाऱ्याच्या नजरेतून सुटलेली. ती घेऊन मी परत त्या गड्याकडं गेलो. आवाज चढवला नाही. चिंधी पुढं ठेवली आणि म्हणालो, "हात कुजेल. खरं सांगितलंस तर आत्ताच्या आत्ता मिरजेच्या इस्पितळात पाठवतो."

तो लहान मुलासारखा रडला. "मालक म्हनलं, घान्याचं नाव काढलंस तर परत कामावर उभा करनार न्हाई. कुत्र्याचं नाव घ्यायला तुजं काय जातंय? त्येला कोन रडनार हाय?"

मी ते वाक्य जबाबात जसंच्या तसं लिहिलं. लिहिताना मला चौकीच्या पडवीतला तो एक उघडा डोळा दिसत होता, आणि मळ्यातला तो म्हातारा.

गड्याला मिरजेला पाठवलं. हात यंत्रात चिरडल्याचा दाखला आला आणि मालकावर गुन्हा दाखल झाला. पंचायतीचा ठराव कुणी पुढं काढलाच नाही. पण कागदावर आळ गेला म्हणून गावाच्या डोळ्यांतून जात नाही. म्हणून ज्या दिवशी जनरलला गोळी घालायची होती, त्या बाजाराच्या दिवशी मी युनिफॉर्म घातला, साखळी स्वतः हातात घेतली आणि हवालदारांसोबत भर बाजारातून निघालो. भाजीवाल्या पाट्या सोडून उठल्या. एक म्हातारी मात्र बसून राहिली. तिनं विचारलं, "ह्योच का रं त्यो, ज्येच्यावर खोटं बालंट घातलं?" हवालदारांनी मान हलवली. तिनं त्याच्या वण पडलेल्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "तोंड लय वंगाळ दिलंय रं देवानं तुला." जनरलनं डोळे मिटले. मग एकेक करत पोरं पुढं आली.

या केसनं मला एक शिकवलं. चोरी झाली की गावाबाहेरच्या भटक्यांच्या ठराविक पालांवर आधी छापा घालायची आमच्याकडं रीत होती. 'ती जातच तसली,' असं म्हटलं की तपास सोपा होतो, आणि खरा गुन्हेगार खुर्ची ओढून आपल्यासमोर बसलेला असतो. त्यानंतर ते वाक्य कानावर पडलं की मी आधी विचारायचो, पाहिलं कुणी? आणि ज्याला कुणी रडणारं नाही असं लोक म्हणतात, त्याच्यावरचा आळ दोनदा तपासायचो.

बदलीचा हुकूम आला तो कोकणाचा नव्हता, शिरवळचा होता. घरापासून आणखी लांब. का, ते मी विचारलं नाही. एस.टी. स्टँडवर पोचवायला हवालदार आणि जनरल दोघंही आले. कंडक्टर दारातच ओरडला, "ओ, कुत्रं गाडीत चालनार न्हाई!"

"कुत्रं येत न्हाई," हवालदार म्हणाले. "साहेब एकटेच चाललेत."

मी ट्रंक वर चढवली आणि खिडकीजवळ बसलो.